बाबांसाठी डेस्कटॉप घेताना

आज विषय एकच : घरातल्या ज्येष्ठांसाठी, रोजच्या वापराचा, खिशाला परवडणारा डेस्कटॉप.

"आता सगळं फोनवर होतं, कॉम्प्युटर कशाला?" असं मला बरेच जण विचारतात. वीजबिल फोनवर भरता येतं, हयातीचा दाखलाही चेहरा दाखवून मिळतो, हे खरंच आहे. पण माझे बाबा इंदूरला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. दहा बोटांनी, कळफलकाकडे न बघता टाइप करणाऱ्या माणसाला फोनवर एका बोटाने 'क्ष' शोधायला लावलं, तर तो काय करणार? बाबांनी लिहिणंच सोडलं. कॉलनीचे अर्ज, बहिणीला पत्रं, सगळं थांबलं. आणि मी बेंगळुरूला, म्हणजे शेजारी बसून मदत करायची सोय नाही.

म्हणून मी प्रोसेसरपासून सुरुवात केली नाही, मॉनिटरपासून केली. तुम्हालाही तेच सांगेन. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल, आणि तो नवा घ्या. २२ इंची फुल एचडीतही ठिपके तेवढेच असतात, पण २४ इंचीवर तेच ठिपके मोठे दिसतात, म्हणजे अक्षर आपोआप मोठं. वर विंडोजमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. फोर-के मॉनिटरवर जास्तीचे पैसे घालायची या कामाला गरज नाही. आणखी एक : बायफोकल चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते. मॉनिटर उंचावर ठेवला की माणूस हनुवटी वर करून बसतो आणि तासाभरात मान धरते. मॉनिटर सीपीयूच्या डब्यावर चढवायची आपल्याकडे हौस आहे, ती आवरा. तो टेबलावर, जरा खालीच बरा.

आता डबा. माझं बजेट सगळं मिळून २५,००० रुपये होतं, त्यामुळे मी कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघितला. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर अशी ही मंडळी. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही मिळतात. दणकट असतात, पण दुकानदार "आय-फाइव्ह आहे साहेब" म्हणाला की तिथे थांबू नका. आय-फाइव्ह पंधराएक वर्षांपासून निघतोय. पुढचा आकडा विचारा. ६५०० म्हणजे सहावी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सहाव्या पिढीवरही काही जण विंडोज ११ आडवाटेने बसवून देतात. चालतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आईवडिलांचं बँकेचं काम ज्या मशीनवर होणार, तिथे हे नको. सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालेलं आहे का, तेही दुकानातच बघा.

रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. जुनी फिरती हार्ड डिस्क फुकट मिळाली तरी त्यावर विंडोज नको. आणि या ऑफिसच्या डब्यांत अनेकदा वाय-फाय नसतं, कॅमेरा आणि माइक तर नसतातच. वाय-फायचा डोंगल, वेबकॅम, स्पीकर यांचे पैसे आधीच बाजूला काढा. यूपीएसचेही. ६०० व्हीएचा यूपीएस काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता पुरतो.

यानंतरचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही : कळफलक. बाबांची बोटं रेमिंग्टनची. विंडोजमध्ये मुळातून इनस्क्रिप्ट मिळतो, मराठी फोनेटिकही मिळतो, रेमिंग्टन मिळत नाही. त्यासाठी वेगळं इनपुट टूल बसवावं लागतं. दुकानदार सोपा उपाय म्हणून कृतिदेव फॉन्ट टाकून देतो, कारण त्याची मांडणी रेमिंग्टनचीच. पण तो युनिकोड नाही. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला तुमच्या अर्जाच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. तेव्हा मांडणी रेमिंग्टन, अक्षर मात्र युनिकोड, असंच टूल बसवून घ्या. नव्याने शिकणाऱ्या आईला मी इनस्क्रिप्ट सुचवेन. आठवडाभर कटकट होते, पण मग तीच मांडणी हिंदी, गुजराती, कन्नड सगळीकडे चालते.

लांबून मदतीसाठी विंडोजमधलं क्विक असिस्ट पुरतं. पण याच दारातून चोरही येतात. "बँकेतून बोलतोय, स्क्रीन दाखवा" असा फोन आला तर तो तिथेच ठेवायचा, हे आमच्या घरी ठरलेलं आहे. कोड फक्त मी देणार, आणि तोही आधी बाबांचा फोन मला आल्यावर. शिवाय बाबांचं रोजचं खातं साधं आहे, अ‍ॅडमिनचं नाही. नवं काही बसवायचं म्हटलं की मशीन पासवर्ड मागतं, आणि तो पासवर्ड आईच्या डायरीत आहे.

चला, आता तुमचे प्रश्न घेतो. दुकानदाराने मशीनचा आकडा दिला असेल तर तो सांगूनच विचारा.