गावच्या वेशीतले महाविद्यालय
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थी-साहाय्यक निधीच्या नियमांत दुरुस्ती सुचविणारा एक ठराव आज दुपारच्या साधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांला केली आहे. परंतु ठरावाकडे वळण्यापूर्वी आम्ही आपणांस अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातल्या जोलिएट या गावी नेऊ इच्छितो. घरची कामे पडली असता ही सातासमुद्रांपलीकडची कथा कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास त्यांनी थोडा धीर धरावा.

शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० मैलांवर जोलिएट वसले आहे. चुनखडीच्या दगडाच्या खाणी, १८४८ साली खुला झालेला इलिनॉय-मिशिगन कालवा, त्यामागून आलेली आगगाडी आणि पोलादाच्या भट्ट्या यांवर हे गाव वाढले. म्हणजे वस्ती मुख्यत्वेकरून कष्टकऱ्यांची. अशा घरचा मुलगा माध्यमिक शाळा संपवून बाहेर पडला की पुढे काय, हा प्रश्न तेथेही होताच. शिकागोचे विद्यापीठ नकाशावर जवळ. पण खोलीचे भाडे, खाणावळीचा खर्च आणि घरात येणारी एक मजुरी बंद होणे, हे तिन्ही जमेस धरले म्हणजे ते ४० मैल फार लांब होत.

शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आपल्या विद्यापीठातील शिक्षणाचे दोन भाग केले होते आणि १८९६ पासून त्यांना 'कनिष्ठ' व 'वरिष्ठ' महाविद्यालय अशी नावे दिली होती. पहिल्या दोन वर्षांचे अध्यापन विद्यापीठाच्या आवाराबाहेरही होऊ शकेल, हा त्यातील विचार. जोलिएटच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांना तो पटला, आणि १९०१ साली त्यांच्या शाळेतच महाविद्यालयीन वर्ग सुरू झाला. विद्यार्थी किती? सहा! आपल्या पंगतीत एका ओळीला याहून अधिक पाने मांडतात. १९१६ साली त्या वर्गाला 'जोलिएट ज्युनियर कॉलेज' हे नाव मिळाले, आणि अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक लोकमहाविद्यालय म्हणून ते आजही चालू आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे १९७५ पासून दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीला 'ज्युनियर कॉलेज' म्हणण्याचा प्रघात पडला. तिकडचे ज्युनियर कॉलेज ते हे नव्हे. बारा वर्षांची शाळा संपल्यावर पदवीची जी चार वर्षे, त्यांपैकी पहिली दोन तेथे पुरी करावयाची आणि मग वाटल्यास विद्यापीठात तिसऱ्या वर्षात दाखल व्हावयाचे, अशी ती योजना आहे. त्याच छपराखाली परिचारिकेचे शिक्षण, शेती, पाकशास्त्र, मोटारदुरुस्ती, वेल्डिंग हेही शिकवितात. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्या प्रौढांना आणि नुकत्याच आलेल्या परदेशी मजुरांना इंग्रजीही शिकवितात. शेतीच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाची स्वतःची जमीन आहे. प्रवेशाचे दार सामान्यतः सर्वांना उघडे असते. वयाची अट नाही. परिचर्येसारख्या काही शाखांना मात्र निराळ्या अटी आहेत, आणि त्या असाव्यातही.

आता पैशाची गोष्ट, कारण कोणत्याही संस्थेचे खरे स्वरूप तिच्या जमाखर्चातच दिसते. १९६५ साली इलिनॉयने अशा महाविद्यालयांसंबंधी कायदा केला आणि १९६७ साली जोलिएट परिसरातील मतदारांच्या संमतीने स्वतंत्र महाविद्यालयीन जिल्हा निर्माण झाला. त्या जिल्ह्यातील घरमालक आपल्या मालमत्तेवरील कराबरोबर महाविद्यालयाचा करही भरतात. संस्थानाची मदत व विद्यार्थ्यांचे शुल्क यांची त्यात भर पडते. कारभार पाहणारे सात विश्वस्त लोकच निवडून देतात. ज्याला मूलबाळ नाही तोही कर भरतो, आणि ज्याचा मुलगा थेट मोठ्या विद्यापीठात गेला तोही भरतो. शेजाऱ्याच्या मुलीने परिचारिका होऊन गावच्या इस्पितळात उभे राहावे, यात आपलाही स्वार्थ आहे, हे त्या व्यवस्थेने धरून चालले आहे.

त्या प्रदेशावर दिवसही काही एकसारखे आले नाहीत. जेथे भट्ट्या पेटत होत्या तेथील पोलादाचा धंदा १९८० नंतरच्या दशकात बसत गेला. पुढे दोन मोठे राजमार्ग व लोहमार्ग जवळ येतात म्हणून तेथे प्रचंड गोदामे उभी राहिली. भट्टीपाशी वीस वर्षे घालविलेला माणूस एका रात्रीत दुसरा धंदा शिकत नाही. त्याला संध्याकाळचा वर्ग, घराजवळची जागा आणि परवडणारे शुल्क लागते. दूरचे नामांकित विद्यापीठ त्याच्यासाठी आपला अभ्यासक्रम बदलणार नाही. ज्याचा विश्वस्त त्याच्याच गल्लीत मते मागावयास येतो, त्या महाविद्यालयाला तो विचार करावाच लागतो.

या व्यवस्थेत सारेच गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील सॅन होझेच्या अशाच महाविद्यालयाचा अभ्यास करून १९६० साली मोठा बोचरा आक्षेप घेतला. पदवीची उमेद धरून आलेल्या मुलाला ही संस्था हळूहळू, न दुखविता, लहानशा ध्येयावर समाधान मानावयास शिकविते, असा त्याचा आशय होता. आजही पदवीच्या इराद्याने तिकडील लोकमहाविद्यालयांत शिरणाऱ्यांपैकी पुष्कळजण ती गाठत नाहीत. काही नोकरीपायी, काही लेकरांपायी, काही निव्वळ कंटाळून सोडतात. आमच्या मते हा आक्षेप खरा आहे. परंतु दारच बंद ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

शिकागोच्या उपनगरांत आता मराठी घरे पुष्कळ आहेत. आमच्या परिचयाच्या तेथील काही कुटुंबांत मुलांनी पहिली दोन वर्षे अशाच महाविद्यालयात काढून पुढे विद्यापीठाची पदवी घेतली आणि हजारो डॉलर वाचविले. मौज अशी की इकडे आजी-आजोबांना कळविताना ती दोन वर्षे गाळूनच कळविण्याची पद्धत आहे! लग्नाच्या बैठकीत 'कोणते कॉलेज' हा प्रश्न विचारणारे आपणच आहोत. मग त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

जोलिएटला सहा मुले बसली त्याच १९०१ साली आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि मागून इतर ज्ञातींचीही वसतिगृहे निघाली. तिकडे महाविद्यालय मुलाच्या घराजवळ नेले. इकडे मुलाला शाळेजवळ छप्पर दिले. त्या काळी ज्ञातिवार छप्पर देण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि आपल्या संघाचे वसतिगृहही त्याच विचारातून उभे राहिले. परंतु कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून 'कमवा आणि शिका' या मार्गाने गरिबाच्या मुलाला पदवीपर्यंत नेले. छप्पर ज्ञातीचे मिळाले होते, पुढची पंगत मात्र त्यांनी सर्वांची मांडली.

आता ठराव. आपल्या निधीतून आज साहाय्य मिळते ते पंचवीस वर्षांखालील, विद्यापीठाच्या पदवीवर्गात पूर्ण वेळ शिकणाऱ्यासच. दिवसा कारखान्यात काम करून संध्याकाळी आय.टी.आय.च्या वर्गास जाणारा आपला तरुण त्यात बसत नाही. मुले शाळेत जाऊ लागल्यावर परिचर्येचा अभ्यास करू इच्छिणारी आपली सूनबाई बसत नाही. अर्ज आले की कार्यवाह नियमावर बोट ठेवून ते परत करतात. त्यांना दुसरा मार्गच नाही. ठरावाचे पहिले कलम ही वयाची व पूर्ण वेळेची अट काढून टाकते. याला फारसा विरोध होईल असे वाटत नाही.

दुसरे कलम वादाचे आहे. निधीच्या व्याजाचा दहावा हिस्सा प्रतिवर्षी आपल्या तालुक्यातील सार्वजनिक शिक्षणसंस्थेस पुस्तके व यंत्रसामग्रीसाठी द्यावा, असे ते सांगते. देणगीदारांनी पैसा ज्ञातीसाठी दिला, परक्यांच्या मुलांसाठी नव्हे, असा आक्षेप आमच्या कानी आला आहे. आक्षेप घेणारे आम्हांला वडिलांच्या ठिकाणी आहेत. त्यांना नम्रपणे एवढेच विचारतो की, आपल्या ज्ञातीतील बहुतेक मुले त्याच संस्थेत शिकत असता, तेथील कार्यशाळेत आलेले यंत्र ज्ञातीबाहेरचे कसे झाले? आणि शेजारच्या बाकावर दुसऱ्याचा मुलगा बसला म्हणून आपल्या मुलाचे शिक्षण काही उणे होत नाही. मुद्दलास हात लावावयाचा नाही, हे कलमातच स्पष्ट लिहिले आहे.

ठरावाच्या छापील प्रती प्रवेशद्वाराशी ठेविल्या आहेत. दुपारी भोजनोत्तर तीन वाजता मतदान होईल. भगिनींनीही सभेस थांबावे अशी विशेष विनंती आहे, कारण परत गेलेल्या अर्जांत त्यांचेच अर्ज अधिक आहेत.