लक्षद्वीपचे प्रतिनिधि : पी. एम्. सईद

भारताच्या नकाशावर केरळच्या पश्चिमेस, समुद्राच्या निळ्या रंगांत, कांहीं बारीक ठिपके दिसतात. तें लक्षद्वीप होय. लहानमोठीं छत्तीस बेटें; त्यांपैकीं वस्ती दहांवर; आणि सर्वांची भूमि एकत्र केली तरी ती सुमारें ३२ चौरस किलोमीटर भरते. नारळ, काथ्या आणि मासळी हें येथील धन. मिनिकॉय बेटावर महल भाषा चालते, इतर बेटांवर मल्याळमची एक बोली. १९५६ सालीं हा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याचें लक्षद्वीप हें नांव मात्र १९७३ चें आहे.

या प्रदेशाला विधिमंडळ नाहीं. कारभार केंद्राकडून नेमलेला प्रशासक पाहतो. त्यामुळें अन्य प्रांतांतील नागरिक जें गाऱ्हाणें आपल्या आमदाराजवळ नेतो, तें बेटावरच्या माणसाला थेट दिल्लीस पोंचवावें लागतें. आणि कायदे करणाऱ्या सभेंत त्याच्या मतावर निवडून गेलेला माणूस एकच असतो. पूर्वीं तोहि निवडलेला नसे. १९५७ पासून १९६७ पर्यंत राष्ट्रपतींनीं नेमलेले नल्लकोया थंगल लोकसभेंत बसत. १९६७ सालीं बेटांनीं प्रथमच आपल्या मतानें प्रतिनिधि निवडला.

ते होते पी. एम्. सईद. त्यांचा जन्म १९४१ सालीं आंद्रोत बेटावर झाला. कायद्याचें शिक्षण त्यांनीं मुंबईस सिद्धार्थ विधि महाविद्यालयांत घेतलें होतें. निवडून आले तेव्हां त्यांचें वय पंचवीस-सव्वीस वर्षांचें होतें आणि ते कोणत्याहि पक्षाचे उमेदवार नव्हते. पुढें ते काँग्रेसमध्यें गेले. १९७७ सालीं उत्तरेंत त्या पक्षाची वाताहत झाली, तरी सईद निवडून आले. पक्ष फुटला आणि १९८० सालीं ते इंदिरा गांधींच्या विरुद्ध गटाकडून उभे राहिले, तरीहि निवडून आले. १९६७ ते १९९९ या काळांत लागोपाठ दहा निवडणुका त्यांनीं जिंकल्या. पक्षाचें निशाण बदललें, मतदारांनीं माणूस बदलला नाहीं.

अशा मतदारसंघांत लोकसंपर्काचा अर्थच निराळा असतो. मोटारींतून दौरा काढतां येत नाहीं. बेटांभोंवतीं प्रवाळाचें कडें व उथळ पाणी. मोठीं जहाजें बाहेर खोल पाण्यांत थांबतात आणि उतारूंना होडीनें किनारा गांठावा लागतो. पावसाळ्यांत तर समुद्रच वाट अडवितो. उलट, पाऊल एकदां किनाऱ्यावर पडलें कीं घरोघर ओळख. तेथें प्रतिनिधीला गर्दीत लपतां येत नाहीं.

दिल्लींत त्यांचा मान वाढत गेला. १९९३ नंतर ते गृह आणि त्यापुढें माहिती व नभोवाणी या खात्यांचे राज्यमंत्री होते. १९९८ सालीं, स्वतःचा पक्ष विरोधी बांकांवर असतां, त्यांची लोकसभेच्या उपाध्यक्षपदीं निवड झाली आणि १९९९ सालीं पुन्हां झाली. देशांतील सर्वांत थोड्या मतदारांचा प्रतिनिधि त्या आसनावरून साऱ्या सभागृहाला शिस्त लावीत होता. लक्षावधि मतांनीं निवडून आलेले सभासदहि बोलण्यास त्यांची अनुज्ञा मागत. प्रजासत्ताकांत बेटाचा आकार मोजीत नाहींत, हें तेथें प्रत्यक्ष दिसलें.

पण आकाराचा हिशोब दुसऱ्या दारानें आलाच. २००४ च्या निवडणुकींत जनता दल (संयुक्त) पक्षाचे डॉ. पी. पूकुञ्ञी कोया यांनीं सईद यांचा पराभव केला. अंतर होतें अवघीं ७१ मतें. सदतीस वर्षांची अखंड कारकीर्द दहाबारा घरांतील माणसें मावतील एवढ्या आंकड्यानें खंडित झाली.

त्यानंतरहि पक्षानें त्यांना केंद्रांत ऊर्जामंत्री केलें व दिल्लींतून राज्यसभेवर आणलें. १८ डिसेंबर २००५ रोजीं दक्षिण कोरियांतील सोल येथें त्यांचें निधन झालें. मंत्रिपद मोठें होतें, परंतु तें बेटांनीं दिलेलें नव्हतें.

मोठ्या मतदारसंघांत मतदार स्वतःला समुद्रांतला थेंब समजतो आणि पुष्कळदां घरींच राहतो. लक्षद्वीपांत प्रत्येक थेंबाला आपलें वजन ठाऊक असतें. दहा वेळां तें वजन सईद यांच्या पारड्यांत पडलें, अकराव्या वेळीं पडलें नाहीं. आणि दोन्ही वेळां तो निकाल तितकाच लोकांचा होता.