भांडी घासायला रिठा, राख आणि बिनवासाचा साबण
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



मी आंजी मोठीची. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. आज खताच्या मात्रेबद्दल किंवा फवारणीबद्दल मी बोलणार नाही. दिवसातून दोनदा, तीनदा आपल्या हाताखालून जाणाऱ्या कामाबद्दल बोलणार आहे. ते काम म्हणजे भांडी घासणं. यात काय सांगायचं, असं कुणी म्हणेल. पण ज्या बाईची बोटं वेचणीत फाटली आहेत तिला विचारा.

दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात. त्यात थंडीचे दिवस. संध्याकाळी घरी येऊन चुलीवरचे गंज, कढई, तवा घासायला बसलं की चिरांमध्ये आग होते. तीन वर्षांमागे माझे हात असे झाले की भाकरी थापणं कठीण झालं. मी तेव्हा कपडे धुण्याचीच पावडर भांड्यांना वापरत होते, आणि वरून लिंबाच्या वासाची वडी. डॉक्टरांनी हात पाहिले आणि दोन गोष्टी सांगितल्या. कपड्यांची पावडर भांड्यांना वापरायची नाही, आणि वासाचा साबण बंद करायचा.

वास कशाला नको?

साबणाचं काम तेलकटपणा सोडवून पाण्याबरोबर वाहून नेण्याचं. वास त्या कामात काहीच मदत करत नाही. लिंबाचा वास येतो म्हणजे त्यात लिंबू आहे असंही नाही. उलट कातडीला खाज, पुरळ येण्याच्या नेहमीच्या कारणांमध्ये ही सुगंधी द्रव्यं मोडतात. दुधाच्या घरी आणखी एक अडचण. दूध आजूबाजूचा वास लवकर धरतं. चरवीला साबणाचा वास राहिला तर तो दुधाला लागतो, आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

आता उपाय. तो आपल्या आजीच्या हाताशी होता. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. गावात जे मिळतं त्याचा आधी नीट उपयोग करून पाहावा, हा त्या कामाचा विचार. तोच विचार आज मोरीपर्यंत न्यायचा आहे.

रिठ्याचं पाणी

रिठ्याच्या सालीत फेस आणणारं एक द्रव्य असतं. त्याला सॅपोनिन म्हणतात. आतली काळी बी उपयोगाची नाही, ती काढून टाकावी. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड. डाळ शिजायला वेळ लागतो, हे तुम्ही पाहताच. अशा पाण्यातला चुना तेलापासून केलेल्या साध्या साबणाशी जुळून पांढरा साका धरतो, आणि तो साका भांड्यावर बसतो. रिठ्याचा तसा साका धरत नाही.

करायची रीत अशी. बी काढलेली साल अदमासे १०० ग्रॅम घ्यावी. ती एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी त्याच पाण्यात १५ ते २० मिनिटं मंद आचेवर उकळावी. थंड झाल्यावर हाताने कुस्करून स्वच्छ कापडाने गाळावं. हे पाणी दोन-तीन दिवस चांगलं राहतं. पुढे आंबतं, मग ओतून द्यावं. म्हणून एकदम घागरभर करू नये. साल वाळवून डब्यात भरून ठेवली की लागेल तसं करता येतं. साल कुटताना नाकातोंडाला फडकं बांधा. भुकटी उडाली की शिंकांनी जीव जातो.

वाटीभर पाण्यात चार-पाच चमचे रिठ्याचं पाणी घाला आणि घासणी त्यात बुडवा. परसात घोसाळं असेल तर वाळलेल्या फळाची जाळी ही उत्तम घासणी. फेस बाजारच्या साबणाइतका येणार नाही. फेस कमी म्हणजे भांडं घाण, असं समजू नका. बोट फिरवून पाहा. बोट घसरलं नाही, करकर वाजलं, की भांडं स्वच्छ.

रिठा मिळत नसेल तर हिंगणबेट पाहा. धुऱ्यावर काटेरी हिंगणाचं झाड पुष्कळ ठिकाणी असतं. त्याच्या फळाच्या गरालाही फेस येतो.

राख कुठे वापरावी, कुठे नाही

पऱ्हाटीची किंवा लाकडाची राख बारीक चाळणीने चाळून घ्या. राखेत क्षार असतो. तेलकट कढईत कोरडी राख टाकली की ती तेल शोषते, आणि गरम पाण्याबरोबर त्या तेलाचा थोडाफार साबणच होतो. लोखंडी तवा, कढई आणि स्टील यांना राख चालते. मात्र स्टीलला ती हलक्या हातानं लावा, नाहीतर चरे पडतात.

जर्मनच्या भांड्याला राख लावू नका. क्षाराने ते काळवंडतं आणि झिजतं. कल्हईच्या भांड्याला आतून राखही नको आणि चिंचही नको. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेला बाहेरून चिंच चांगली.

ज्या चुलीत प्लास्टिक, रंगीत कागद किंवा औषधाचे खोके जाळले, त्या चुलीची राख भांड्यांना लावायची नाही. आणि ज्या भांड्यात किंवा मापात फवारणीचं औषध कालवलं, ते कितीही घासलं तरी स्वयंपाकघरात परत आणायचं नाही. त्याला रिठाही उपाय नाही आणि राखही नाही.

आणखी एक सांगते. हाताला चिरा असतील तर राखही झोंबते. अशा वेळी कढई दुसऱ्याला घासू द्या. घरातल्या पुरुषांनाही दोन हात आहेत. सेवाग्रामच्या आश्रमात जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपलं ताट आपण धुवायचं, ही रीतच होती.

माझी एक चूक

रिठ्याचं पाणी मी एकदा शरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. नातवाने तोंडाला लावलं. एका घोटात पोराचं तोंड कडूझार झालं, ओकाऱ्या झाल्या, आणि आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात पळालो. पोरगा बरा आहे. पण त्या दिवशी कळलं, झाडाचं आहे म्हणून ते निर्धोक नसतं. हे पाणी खाण्यापिण्याच्या बाटलीत ठेवू नका, उंचावर ठेवा, वर नाव लिहा. डोळ्यांत गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. काहींच्या हाताला रिठ्यानेही खाज येते. आधी मनगटावर थोडं लावून दिवसभर वाट पाहा.

रिठ्याने रोगजंतू मरतात, असंही धरून चालू नका. भांडी स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून उन्हात पालथी घाला. दुधाची चरवी आधी थंड पाण्याने विसळा, मग गरम पाण्याने धुवा. आधीच गरम पाणी घातलं तर दूध भांड्याला चिकटून बसतं.

सांडपाण्याचं काय?

कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. ते पाणी रोज एकाच जागी सोडलं तर आपली काळी जमीन चिकट होते, वाळली की दगडासारखी होते. रिठ्याचं पातळ पाणी वांग्या-मिरचीच्या आळ्यात, आज एका आणि उद्या दुसऱ्या, असं फिरवून सोडता येतं. कोवळ्या रोपांना नको. आणि नाल्यात, शेततळ्यात तर मुळीच नको. रिठ्याच्या द्रव्याने मासे मरतात.

विकत घ्यायचाच असेल तर

सगळ्यांना रिठा जमेल असं नाही. विकतच्या साबणावर पानाफुलांचं चित्र असलं म्हणून भुलू नका. वनस्पतीजन्य म्हणजे बहुधा खोबऱ्याच्या किंवा पामच्या तेलापासून केलेला. त्यातही वास आणि रंग घातलेला असू शकतो. मागच्या बाजूला घटकांची यादी दिली असेल तर ती पाहा. त्यात परफ्युम किंवा फ्रॅगरन्स हा शब्द आहे का, ते शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. नसेल तो घ्या. थोडासा घेऊन पाण्यात कालवून वापरा. काम झाल्यावर हात पुसून खोबरेल तेल लावा.

धुऱ्यावर एखादं रिठ्याचं झाड लावा. फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, पण नंतर ते पुष्कळ वर्षं देतं. मी दोन लावली आहेत. त्यांचा रिठा मला मिळेल की सुनेला, कोण जाणे. माझ्या हाताच्या चिरा मात्र भरल्या, आणि यंदाच्या वेचणीत भाकऱ्या मीच थापल्या.