टपाल आले का?



एका मनोरुग्णालयाच्या कचेरीत मी सहा महिने उमेदवारी केली. दाखल होणाऱ्यांची नोंद ठेवायची, कागद लावायचे, घरच्यांना पत्रे धाडायची, एवढेच काम. एक बाई बऱ्या होऊन वर्ष लोटले होते. रोज खिडकीशी येऊन विचारीत, “टपाल आले का?” मी म्हणे, “उद्या येईल.” माझी तिन्ही पत्रे परत आली होती, हे सांगण्याचा मला धीर झाला नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 19 वे कलम म्हणते, घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवू नये. मग त्यांनी जावे कुठे? आपल्या शिवणवर्गात अशा एका भगिनीला जागा द्याल का? तेवढेच विचारायला आज उभी आहे.