दुरून दिलेली आज्ञा आणि तिची जबाबदारी
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



पत्र टाइप करता आले, मार्कांचा तक्ता करता आला, म्हणजे संगणक आला असा आपला समज असतो. पण माणसाने प्रोग्रॅम चालवणे ही पहिली पायरी झाली. एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला काम सांगणे ही त्यापुढची. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, ऑनलाइन फी ही कामे या दुसऱ्या पायरीवर उभी आहेत. म्हणून तिच्याविषयी आज चार शब्द.

शाळेतलेच उदाहरण घेऊ. तीनशे मुलांची प्रमाणपत्रे करायची आहेत. कारकुनाने नमुना तीनशे वेळा उघडायचा, नाव बदलायचे आणि जतन करायचे, यात दोन दिवस जातील. लिबरऑफिस हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम मात्र अशा रीतीने सुरू करता येतो, की तो एका ठरावीक क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसतो. या दाराला पोर्ट म्हणतात. मग पायथॉन भाषेत लिहिलेला दुसरा छोटा प्रोग्रॅम यादीतून एकेक नाव घेतो आणि त्याला सांगतो: नमुना उघड, नाव घाल, पीडीएफ कर. पडद्यावर खिडकीसुद्धा उघडावी लागत नाही.

या पद्धतीला रिमोट प्रोसीजर कॉल, थोडक्यात आरपीसी, म्हणतात. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ साली याच विषयावर प्रबंध लिहिला. पुढे १९८४ साली अँड्र्यू बिरेल आणि नेल्सन यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ही पद्धत कशी उभी केली, ते एका लेखात मांडले. दूरच्या यंत्रावरचे काम आपल्याच प्रोग्रॅममधले असावे इतक्या सहजपणे सांगता यावे, हा त्यांचा हेतू होता.

हे घडते कसे? आपल्याकडच्या निकाहाचा प्रसंग आठवा. वधू आतल्या खोलीत आणि काझीसाहेब बाहेर मजलिसीत असतात. वकील साक्षीदारांसह आत जातो, वधूची इजाजत घेतो आणि तिचा शब्द जसाच्या तसा बाहेर पोचवतो. आरपीसीतही दोन्ही बाजूंना असे वकील असतात. त्यांना स्टब म्हणतात. इकडचा स्टब कामाचे नाव आणि माहिती ठरलेल्या नमुन्यात बांधून पाठवतो. तिकडचा ती गाठ सोडतो, काम करवून घेतो आणि उत्तर परत धाडतो.

मात्र इथे एक धोका आहे. हाक घरातल्यासारखी वाटली तरी मध्ये अंतर आहे. उत्तर आले नाही, तर काय समजायचे? कदाचित निरोपच पोचला नसेल. कदाचित काम झाले असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवले असेल. हाक मारणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. बिरेल-नेल्सन यांनीही हे स्पष्ट लिहिले: उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले, नाही आले तर ते एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल.

प्रमाणपत्र दोनदा तयार झाले, तर नवी फाइल जुनीच्या जागी बसेल, नुकसान नाही. पण फी दोनदा कापली गेली, तर गरीब बापाची पंधरा दिवसांची मजुरी अडकते. म्हणून जाणता प्रोग्रॅमर प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर पलीकडचा प्रोग्रॅम काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर देतो. पालकांनीही एवढे लक्षात ठेवावे: फी भरताना पडदा अडकला, तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबू नका. आधी खात्यातील रक्कम आणि पोर्टलवरील नोंद पाहा.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. दार उघडले की कोणीही हाक मारू शकतो. विंडोजच्या आरपीसी सेवेत असाच एक दोष निघाला. मायक्रोसॉफ्टने जुलै २००३ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या संगणकांत ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा शिरला. मालकाने काहीही न उघडता तो जगभरातील लाखो यंत्रांत पसरला. म्हणून लिबरऑफिसचे दार उघडताना ते लोकलहोस्टपुरते, म्हणजे त्याच संगणकापुरते ठेवावे. इजाजत नसलेल्या वकिलाचा शब्द काझीसाहेब मानत नाहीत. आपल्या प्रोग्रॅमनेही मानू नये.

विद्यार्थी मित्रांनो, पायथॉन मोफत आहे आणि एक्सएमएल-आरपीसीची साधने त्याच्यासोबतच येतात. शाळेच्या एकाच संगणकावर दोन प्रोग्रॅम लिहून हा प्रयोग करता येईल. मुलींनी यात मागे राहू नये. मात्र हाक मारायला शिकाल, तेव्हा तीन प्रश्न विचारायलाही शिका: हाक मारणारा कोण? त्याला परवानगी कशाची? आणि उत्तर आले नाही तर काय? उद्या तुमच्यापैकी कोणी बँकेचा किंवा दवाखान्याचा प्रोग्रॅम लिहील. तेव्हा लोकांचा पैसा आणि जीव ही तुमच्या हातातली अमानत असेल.

अल्लाहतआला आपल्या मुलामुलींना इल्म देवो आणि ती अमानत सांभाळण्याची तौफीकही देवो. आमीन. खुदा हाफिज.