सोयरिकीआधी रक्ताचा एक थेंब



बारावीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा मटारापासून सुरू होतो. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने मठाच्या बागेत मटार लावला, उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला, कितीतरी पिढ्यांची मोजदाद ठेवली आणि 1865 साली आपले निष्कर्ष मांडले. धडा चांगला आहे. मी तो मेळघाटातल्या धारणीत वर्षानुवर्षं शिकवतो. पण माझ्या वर्गातली मुलं बैरागड, हरिसाल, सुसर्दा, कळमखार अशा गावांकडून येतात, आणि त्यातल्या काहींच्या घरी जनुकांचा हा हिशोब दुखण्याच्या रूपाने रोज समोर असतो. मी सिकलसेलबद्दल बोलतो आहे. मेळघाटात आणि एकूणच विदर्भात जनुक म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मटारापर्यंत जायची गरज नाही.

आजार सुरू कसा होतो ते आधी सांगतो. सिकलसेलचं बाळ जन्मतः धडधाकट असतं. पहिले काही महिने कोणालाच शंका येत नाही. मग कधीतरी त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात आणि काही केल्या त्याचं रडणं थांबत नाही. पुढे डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, रक्त कमी होतं, डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून पोट पुढे येतं. मूल खंगत जातं. बघणारा म्हणतो, कुपोषण आहे. आपल्याकडे कुपोषणही आहेच, त्यामुळे शंका तिथेच थांबते. पोट फुगलं म्हणून कोणी भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे नेतं, आणि काही ठिकाणी अजूनही पोटावर तापल्या लोखंडाचे चटके, म्हणजे डंबा दिला जातो. आईबापांना लेकराचं बरंच करायचं असतं, त्यांच्या मायेवर बोट ठेवायचा कोणाला अधिकार नाही. पण चटक्यांनी त्या बाळाला फक्त जखमा होतात. बिघाड रक्ताच्या आत, फार खोल असतो.

किती खोल, ते बघा. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक वडिलांकडून. या गुणसूत्रांवर डीएनएच्या अक्षरांत सुमारे 20 हजार जनुकं लिहिलेली आहेत. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची लेखी सूचना. पेशी त्या सूचनेची आरएनए नावाची नक्कल काढते, ती तीन-तीन अक्षरांनी वाचते आणि अमिनो आम्लं एकापुढे एक जोडत जाते. हिमोग्लोबिन हे असंच प्रथिन, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात आणि तिचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. सिकलसेलमध्ये त्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. उरलेली 145 जशीच्या तशी.

एवढ्याने काय होतं? प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि त्याचे लांब ताठ धागे बनतात. गोल, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि कडक होते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडं फुटल्यासारखी वेदना होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत फुटते. डोळ्यांचा पिवळेपणा त्या फुटण्यातून येतो.

आता घराघरात विचारला जाणारा प्रश्न. परतवाड्याकडच्या एका गावात तपासणी शिबिराला मदत करायला गेलो होतो. एक सासूबाई म्हणाल्या, "सर, आमच्या घरात कोणालेच असं नोतं. सून आली अन् हे आलं." सून बाजूलाच बसली होती, खाली मान घालून. मी सासूबाईंना म्हटलं, मावशी, लेकराला हा आजार व्हायचा तर बदललेलं जनुक दोन्हीकडून यावं लागतं. एकट्या सुनेकडून येऊन भागत नाही, तुमच्या मुलाकडूनही ते आलं आहे. त्याला ते तुमच्याकडून मिळालं असेल नाहीतर त्याच्या वडिलांकडून. त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास होता, आणि तो मला समजू शकतो. ज्याच्यापाशी असं एकच जनुक असतं त्याला सहसा काहीही होत नाही. तो शेतात राबतो, डोंगर चढतो, ऐंशी वर्षं जगतो. त्याला वाहक म्हणतात, दवाखान्याच्या भाषेत एएस पॅटर्न. दोन्ही जनुकं बदललेली असली तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही आणि तो पुढे रुग्ण होत नाही. हे एक वाक्य आपल्या भागातल्या प्रत्येक माणसाला पाठ असायला हवं असं मला वाटतं. वाहक मुलीचं लग्न मोडल्याचं कानावर येतं तेव्हा चीड येते, कारण तिच्यात काही उणं नसतंच.

नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण मोकळं असण्याची 25 टक्के. यातला 'प्रत्येक' हा शब्द नीट ऐका. "पहिलं पोर आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशोब मी कितीतरी जणांकडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे. आधीच्या बाळाला काय मिळालं याची नोंद पुढच्या गर्भाकडे नसते, दर वेळी वाटणी नव्याने होते. एका घरात चारही मुलं निरोगी असू शकतात आणि शेजारी दोनच्या दोन रुग्ण. वाहकाचं लग्न पूर्ण मोकळ्या जोडीदाराशी झालं तर मात्र एकही मूल एसएस निघत नाही. एक जोड इथे द्यायला हवी. थॅलेसेमियाच्या वाहकाशी सिकलसेल वाहकाची गाठ पडली तरी बाळाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो, म्हणून तपासणी पूर्ण करून घ्यावी.

तपासणीचं नाव काढलं की लोक घाबरतात, म्हणून ती कशी असते ते सांगतो. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतात आणि काचेच्या नळीतल्या द्रावणात सोडतात. त्या द्रावणाने तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू निघून जातो. काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रक्त मोकळं असेल तर लाल पाण्यातून रेघा स्वच्छ दिसतात. सिकलसेलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. पण ही नळी वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही, दोघांचंही द्रावण गढूळच होतं. त्यासाठी रक्त पुढच्या तपासणीला जातं, तिचं नाव इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या प्रभावाखाली दोन प्रकारची हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि दोन पट्टे उमटतात. 1949 साली लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत याच पद्धतीने दाखवलं की या आजाराचं मूळ एका रेणूत आहे. सगळ्या वैद्यकशास्त्रात एखादा आजार रेणूपर्यंत असा पहिल्यांदाच पोचला होता. आपल्याकडे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी 1958 साली मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पुढच्या अभ्यासांत भिल्ल, माडिया, पावरा, परधान अशा काही जमातींत वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळलं. पण हा फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आहे.

इतकं त्रासदायक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं कसं? याचं उत्तर मेळघाटातल्या माणसाला लवकर पटतं, कारण हिवतापाशी त्याचा जुना परिचय आहे. अँथनी अॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलात, डासांच्या प्रदेशात लहान मुलं मलेरियाने दगावत तेव्हा वाहक मुलं जास्त जगली आणि जनुक पुढे चालत राहिलं. ज्यांच्या रक्तात ते आहे त्यांच्या पूर्वजांना त्यानेच तारलं आहे. त्याची लाज कसली?

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. एकाच घरातली दोन भावंडं, दोघंही एसएस. एकाला वर्षातून चारदा दवाखान्यात न्यावं लागतं, दुसरा गडी माणसासारखं काम करतो. जनुक तेच, मग हा फरक कसा? कारण जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. बीटा साखळीचं जनुक आपल्या डोळ्याच्या पेशीतही आहे आणि कातडीतही, पण तिथे ते बंद असतं. ते चालतं फक्त हाडांतल्या मज्जेत, तांबडी पेशी घडत असताना. आणि तिथेही वयाप्रमाणे पाळी बदलते. पोटात असताना बाळ गॅमा साखळीचं वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत गॅमाचं जनुक जवळजवळ बंद होतं आणि शेजारचं बीटाचं जनुक कामाला लागतं. विहिरीवर दोन मोटारी असाव्यात आणि दुसरी सुरू करताना पहिलीला कुलूप लागावं, तसं हे आहे. सिकलसेलच्या बाळाचे पहिले महिने सुखाचे का जातात ते आता कळेल, त्याची पहिली मोटार चालू असते. तान्ह्या बाळाची नळीतली तपासणी फसवी निघू शकते तीही याचमुळे.

हे कुलूप लावणारं एक प्रथिन आहे, बीसीएल-11-ए. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने 2008 साली त्याचं काम उघड केलं. काही माणसांत कुलूप सैल असतं आणि मोठेपणीही गॅमा बनत राहतं. गॅमाचं हिमोग्लोबिन सिकलच्या धाग्यांत गुंफलं जात नाही, म्हणून ते जितकं जास्त तितका त्रास कमी. भारतातल्या सिकलसेल रुग्णांच्या गॅमा जनुकाशेजारी बहुधा असा एक बदल असतो की प्रथिन तेच राहतं, त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं पूर्वी सरसकट म्हणत. नागपूरच्या डॉक्टरांच्या अनुभवाला ते उतरलं नाही, विदर्भात तीव्र आजाराची मुलं भरपूर आहेत. तेव्हा "आपल्याकडचा साधाच असतो" म्हणून कोणी दुखणं अंगावर काढू नये.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी बंद पडत चाललेलं गॅमाचं जनुक पुन्हा थोडं जागं करते. नागपूरला डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांना ती कमी, ठरावीक मात्रेत दिली. त्या मुलांचे वेदनेचे झटके कमी झाले. 2012 साली हे प्रसिद्ध झालं. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि अधूनमधून रक्त तपासूनच घ्यायची असते, गरोदरपणात तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत याच्याही पुढचा उपचार मंजूर झाला. त्यात रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून बीसीएल-11-एचा खटकाच जनुक-कात्रीने निकामी करतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेचा 'बिरसा 101' हा स्वदेशी जनुक-उपचार जाहीर झाला, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करारही झाला. तो धारणीच्या रुग्णापर्यंत यावा, त्याला परवडेल असा यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पण त्याची वाट बघत बसणं आपल्याला परवडणारं नाही.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत. रुग्णाने भरपूर पाणी प्यावं, रोज फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी, उन्हातान्हात आणि कडाक्याच्या थंडीत सांभाळून राहावं. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वीटभट्टीवर किंवा दूरच्या कामाला जाणाऱ्यांनी सोबत पाणी आणि तपासणीचं कार्ड ठेवावं. 2016 च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आहे, त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी करावी.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. ते धारणीत पूर्ण व्हायचं तर माझ्या मते होळीचा आठवडा साधायला हवा. तेव्हा कामाला बाहेर गेलेली माणसं गावी परततात, फगवा मागतात, आणि पुढे उन्हाळ्यात लग्नं जमतात. आशाताईंना, गावच्या पाटलांना, शिक्षकांना माझी विनंती आहे, त्या दिवसांत गावातच तपासणी ठेवा. आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना सांगणं आहे, सोयरीक बोलायला बसण्याआधी दोघांनीही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्या. दोघंही वाहक निघालात तर डॉक्टरांशी बोलून, सगळं माहीत करून घेऊन, मग ठरवा. तपासणीला पैसे लागत नाहीत.