सहा विरुद्ध शून्य : एका लहान कॉलेजचा क्रीडाभिमान

मुलगा कॉलेजांत जाऊं लागला कीं घरांतील वडीलधाऱ्यांना दोन काळज्या लागतात. तो अभ्यास करतो कीं नाहीं ही एक, आणि सामने पाहण्यांत तो किती वेळ घालवितो ही दुसरी. जो मुलगा स्वतः खेळतो त्याची बाजू घेणारे पुष्कळ भेटतात. व्यायाम, शिस्त, संघवृत्ति अशा शब्दांनीं त्याचें समर्थन करतां येतें. परंतु जो स्वतः चेंडूला हात लावीत नाहीं, मैदानाच्या कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडतो आणि आपला संघ हरला म्हणजे रात्रीं धड जेवत नाहीं, त्याचें समर्थन कोणी करावें ? त्यानें आपले तास व्यर्थ दवडले, असाच निकाल बहुधा घरांत लागतो. हा निकाल कितपत न्याय्य आहे हें पाहण्यास अमेरिकेंतील एका अगदीं लहान कॉलेजची हकीकत उपयोगी पडेल.

केंटकी राज्यांत डॅनव्हिल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनीं १८१९ सालीं सेंटर कॉलेजची स्थापना केली. स्थापनेनंतर शंभर वर्षें लोटलीं तरी या कॉलेजांत तीनशें विद्यार्थीहि नव्हते. एवढ्या थोड्या विद्यार्थ्यांच्या संस्थेंत दिनक्रमाला एक निराळेंच रूप येतें. वर्गांत दहा-पंधरा जण असले म्हणजे मागच्या बाकावर लपून बसण्याची सोय राहात नाहीं. कोण गैरहजर आहे हें अध्यापकाला हजेरी न घेतांच कळतें, आणि तो कां आला नाहीं हेंहि दुपारपर्यंत कळतें. सकाळीं ज्याच्याकडून लॅटिनची वही मागून घेतली तोच जेवणाच्या वेळीं समोर येतो, आणि तोच सायंकाळीं मैदानावर चिखलांत लोळतांना दिसतो. मोठ्या विद्यापीठांतील प्रेक्षकाला गडी म्हणजे पाठीवरचा आंकडा. येथें मात्र त्याचें गांव, त्याचे परीक्षेंतील गुण, त्याला घरून पैसे येतात कीं नाहीं, हें सर्व माहीत असतें. त्यामुळें सामना पाहणें आणि ओळखीच्या माणसाची कसोटी पाहणें यांत तेथें फारसें अंतर उरत नाहीं.

या कॉलेजचा मुख्य खेळ म्हणजे अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल. यांत लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें असतें, आणि हुतूतूंत आंत आलेल्या गड्याला पकडतात त्याप्रमाणें विरुद्ध बाजूचे अकरा जण त्याला धरून खालीं पाडण्याची खटपट करतात. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली म्हणजे सहा गुण मिळतात. मग लाथेनें चेंडू खांबांमधून मारतां आला तर आणखी एक. रॉबर्ट मायर्स हे या कॉलेजचे जुने विद्यार्थी टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथें शाळेंत खेळ शिकवीत असत. आपल्या हाताखालचीं होतकरू मुलें आपल्याच जुन्या कॉलेजांत जावींत, असा त्यांना ध्यास होता. त्यांच्या प्रयत्नानें जे गडी डॅनव्हिलला आले त्यांत ॲल्व्हिन मॅकमिलिन हा प्रमुख. सर्व जण त्याला ‘बो’ म्हणत. खेळाचें शिक्षण चार्ली मोरन यांच्याकडे होतें. हे गृहस्थ एरवीं बेसबॉलच्या मोठ्या सामन्यांत पंचाचें काम करीत. सामन्यापूर्वीं हा संघ प्रार्थना करी, म्हणून वर्तमानपत्रांनीं त्याला ‘प्रार्थना करणारे कर्नल’ असें विनोदी नांव दिलें.

१९२० सालीं या संघानें हार्वर्ड विद्यापीठाशीं सामना केला. १९१९ व १९२० या दोन्ही हंगामांत एकहि सामना न हरलेला हार्वर्डचा संघ, आणि समोर डॅनव्हिलचीं मुलें ! अर्धा वेळ संपला तेव्हां दोन्ही बाजूंचे चौदा-चौदा गुण झाले होते. परंतु शेवटीं सेंटरचा संघ ३१ विरुद्ध १४ असा हरला. सामना संपल्यावर हार्वर्डच्या नायकानें सौजन्यानें चेंडू मॅकमिलिनला देऊं केला. तेव्हां तो त्यानें घेतला नाहीं, पुढील वर्षीं येऊन जिंकूनच नेऊं असें सांगितलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे.

दिनांक २९ ऑक्टोबर १९२१ रोजीं ते पुन्हां आले. हार्वर्डच्या मैदानावर त्या दिवशीं चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. म्हणजे डॅनव्हिलसारखीं कित्येक गांवें त्या बैठकींवर बसलीं असतीं. अर्धा वेळ झाला तरी कोणाचाच गुण नव्हता. तिसऱ्या भागांत मॅकमिलिननें चेंडू घेतला आणि हार्वर्डच्या गड्यांना चुकवीत सुमारें बत्तीस यार्ड धांवून रेषा ओलांडली. जादा गुणासाठीं मारलेली लाथ चुकली. पुढें हार्वर्डला कांहींच करतां आलें नाहीं. सहा विरुद्ध शून्य, हाच शेवटचा निकाल. अमेरिकन खेळाच्या इतिहासांतील अत्यंत अनपेक्षित निकालांत क्रीडालेखक याची गणना करतात.

याच ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस पिट्सबर्ग येथील केडीकेए नभोवाणी केंद्रानें फुटबॉल-सामन्याचें पहिलें ध्वनिक्षेपण केलें होतें. परंतु डॅनव्हिलला अद्याप तारेचाच आधार होता. तार आली आणि गांव वेडें झालें. विद्यार्थ्यांनीं रंगाचे डबे उघडले व भिंतींवर, दुकानांवर, जेथें जागा मिळेल तेथें एक सूत्र रंगवून काढलें. सेंटरचें आद्याक्षर ‘सी’, त्याखालीं सहा. हार्वर्डचें ‘एच’, त्याखालीं शून्य. रसायनशास्त्राच्या भाषेंत कार्बनचे सहा अणु आणि हायड्रोजनचा एकहि नाहीं. असें संयुग कोणत्याहि प्रयोगशाळेंत सांपडावयाचें नाहीं. ज्यांना सोमवारीं त्याच विषयाच्या तासाला बसावयाचें होतें, त्यांनाच हा विनोद सुचणार. गांवांतील एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर हें सूत्र पुढें जतन करून ठेवण्यांत आलें आहे.

येथवरची कथा विजयाची आहे. आणि विजयाच्या दिवशीं अभिमान बाळगण्यास फारसे कष्ट पडत नाहींत. प्रेक्षकाच्या योग्यतेचा प्रश्न खरा उभा राहतो तो पुढच्या प्रसंगानें. २ जानेवारी १९२२ रोजीं टेक्ससमधील डॅलस येथें याच सेंटरच्या संघाचा टेक्सस ए. अँड एम. कॉलेजशीं सामना झाला. मॅकमिलिनचें लग्न त्याच दिवशीं सकाळीं झालें होतें ! प्रतिपक्षाचे गडी एकामागून एक जखमी होऊं लागले आणि राखीव गडी संपतात कीं काय अशी वेळ आली. तेव्हां त्यांचे शिक्षक डाना बायबल यांनीं प्रेक्षकांतून ई. किंग गिल या विद्यार्थ्यास बोलावून घेतलें. गिल पूर्वीं फुटबॉलच्या संघांत होता. त्या दिवशीं तो वरच्या बैठकींत वार्ताहराला गडी ओळखून देण्याचें काम करीत होता. त्यानें जखमी गड्याचा पोषाख चढविला आणि सामना संपेपर्यंत तो कडेला सज्ज उभा राहिला. त्याला आंत जावें लागलें नाहीं. त्याच्या कॉलेजनें २२ विरुद्ध १४ असा विजय मिळविला. अकरा गड्यांच्या खेळांत जो कधींच खेळला नाहीं तो ‘बारावा गडी’ ठरला, आणि त्याच्या स्मरणार्थ त्या कॉलेजचे विद्यार्थी संपूर्ण सामना उभ्यानें पाहतात. ए. अँड एम.चें आतां प्रचंड विद्यापीठ झालें आहे, तरी ही चाल मोडलेली नाहीं.

गिलच्या या उभें राहण्यांत प्रेक्षकाचें सर्व समर्थन आलें आहे. वेळ पडली तर मी आंत येईन, असें ज्याला म्हणतां येतें त्याचें ओरडणें पोकळ नसतें. लहान कॉलेजांत ही वेळ कोणावरहि येऊं शकते, कारण तेथें राखीव माणसें थोडीं असतात. म्हणून तेथील प्रेक्षकाला गड्याच्या चुकीवर हंसण्यापूर्वीं विचार करावा लागतो. ज्याला शनिवारीं शिव्या दिल्या त्याच्याच शेजारीं सोमवारीं बाकावर बसावयाचें असतें. हा सोमवार मोठा शिक्षक आहे. घरीं बसून नभोवाणीवर सामन्याचें वर्णन ऐकणाऱ्या लाखों लोकांना खेळाचा आनंद मिळतो, परंतु हा सोमवार मिळत नाहीं. म्हणून त्यांचा अभिमान तीव्र असला तरी बिनजबाबदार होण्याचा संभव अधिक.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हार्वर्डला हरविणारा खेळ तीनशें विद्यार्थ्यांच्या संस्थेला कायमचा झेपण्याजोगा नव्हता. दूरचे प्रवास, बाहेरून आणावयाचे गडी आणि विजयाची वाढती अपेक्षा, यांचा भार अशा संस्थेवर पडला म्हणजे कॉलेज खेळासाठीं आहे कीं खेळ कॉलेजसाठीं, हा प्रश्न टळत नाहीं. मोरन १९२३ च्या हंगामानंतर गेले. पुढें हें कॉलेज मोठ्या संस्थांच्या शर्यतींतून हळूहळू बाजूला झालें. आज तेथें सुमारें चौदाशें विद्यार्थी आहेत, आणि तें राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या विभागांत खेळतें. या विभागाचा नियम असा कीं, केवळ खेळांतील कौशल्यासाठीं कोणाहि विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति देतां येत नाहीं. गडी तेथें खेळतो तो खेळावेंसें वाटतें म्हणून.

मग तेथील क्रीडाभिमान आटला काय ? मुळींच नाहीं. फ्रेड व्हिन्सन हे या कॉलेजचे माजी विद्यार्थी. विद्यार्थिदशेंत ते बेसबॉल खेळत. पुढें १९४६ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत ते अमेरिकेचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या मागें त्यांच्या विद्यार्थिमंडळांतील तरुणांनीं एक प्रघात पाडला. फुटबॉलच्या सामन्याला व्हिन्सनसाहेबांचें तैलचित्र घेऊन जावयाचें आणि त्यालाहि खेळ दाखवावयाचा ! त्या चित्राला ते प्रेमानें ‘डेड फ्रेड’, म्हणजे ‘कैलासवासी फ्रेड’ म्हणतात. थट्टा आहे हें उघड आहे. परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेला मनुष्यहि प्रथम याच मैदानाच्या कडेला उभा राहणारा विद्यार्थी होता, ही जाणीव त्या थट्टेंत आहे. एवढें नातें टिकविण्यास हार्वर्डवरील विजय दरसाल लागत नाहीं.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाला सामना पाहूं द्यावा कीं नाहीं, याचें उत्तर तासांच्या हिशेबांत शोधूं नये. त्याला दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावे. ज्यांच्यासाठीं तूं ओरडतोस त्यांपैकीं कितींना तूं ओळखतोस ? आणि संघ हरल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यांना भेटायला गेलास कीं नाहीं ? या दोहोंचें उत्तर समाधानकारक आलें, तर त्या मुलाचा शनिवार फुकट गेला असें समजण्याचें कारण नाहीं. सोमवारीं तासाला तो वेळेवर हजर असला म्हणजे झालें.